फिलाडेल्फिया ते हार्पर्स फेरी: अमेरिकेच्या एकीची आणि दुहीची वाट

मुलं किंवा भाचे-पुतणे न्यू जर्सीत असले की फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन ही फेरी होतेच. बहुतेकांची ती घाईत होते. लिबर्टी बेल पाहायची, व्हाइट हाउसच्या कुंपणाशी फोटो काढायचा आणि नायगाऱ्याच्या रस्त्याला लागायचं. याच पट्ट्यात जरा सावकाश फिरलं तर फार मोलाचं काही पाहायला मिळतं. एकमेकींवर फारसा विश्वास नसलेल्या तेरा वसाहती एक देश कशा झाल्या, आणि तो देश घडवताना उत्तर-दक्षिणेची फूट तशीच आत कशी ठेवली गेली, हे खोल्या, दगड, नद्या आणि तळघरं पाहत समजून घेता येतं. मी बरीच वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. अमेरिकेची राज्यघटना पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकते. तिच्या जागा पाहिल्यावर मला वाटू लागलं की तिथली एकी म्हणजे एकामागून एक केलेले सौदे होते. प्रत्येक सौद्यानं देश काही वर्षं एकत्र राहिला आणि फूट तेवढीच खोल गेली. कोणाला असा प्रवास करायचा असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही तिघं होतो: मी, आमचे हे आणि गाडी चालवायला माझा भाचा. आठवडाभराची सवड आणि गाडी असेल तर हा सगळा मार्ग आरामात होतो. गाडी नसेल तर फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन आणि हार्पर्स फेरी ही तिन्ही ठिकाणं रेल्वेनं करता येतात. फक्त राज्यघटनेचा एक मुख्य शिल्पकार जेम्स मॅडिसन याच्या घरापर्यंत गाडीशिवाय पोचणं कठीण आहे. निघण्याआधी न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या ओक ट्री रोडवरून खाण्याचं सामान भरून घ्या. व्हर्जिनियाच्या आतल्या भागात शाकाहारी माणसाला बटाटा आणि पाव यांपलीकडे फार काही मिळत नाही. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट होतं, ते अगदी शेवटपर्यंत पुरलं.

सुरुवात फिलाडेल्फियापासूनच करा. न्यू जर्सीच्या मध्य भागातून येणाऱ्यांना ट्रेंटनपर्यंत एक गाडी आणि तिथून पुढे शहरात दुसरी, असा सोपा रेल्वेमार्ग आहे. गाडी नेली तर व्हिजिटर सेंटरखालीच भूमिगत पार्किंग आहे. इंडिपेन्डन्स हॉलला तिकीट लागत नाही, पण वर्षाचे बरेच महिने वेळ ठरवून आरक्षण करावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर होतं आणि माणशी एक डॉलर शुल्क पडतं. सकाळची पहिली वेळ घ्या, कारण दुपारी शाळांच्या सहली येतात आणि मागे उभ्या असलेल्याला मार्गदर्शकाचं बोलणं ऐकू येत नाही. आत शिरण्याआधी सुरक्षा तपासणी असते, म्हणून मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नका. ज्येष्ठांनी स्वच्छतागृहाचं काम व्हिजिटर सेंटरमध्येच उरकून घ्यावं.

आतली सभेची खोली पहिल्यांदा पाहताना ती किती लहान आहे याचंच नवल वाटतं. हिरवी कापडं घातलेली टेबलं, मेणबत्त्या, दौती, आणि समोर थोड्या उंचावर एक खुर्ची. टेबलं-खुर्च्या त्या काळच्या धर्तीच्या आहेत, पण परिषदेच्या अध्यक्षस्थानी असलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनची ती खुर्ची खरी, त्याच वेळची आहे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात, २५ मे ते १७ सप्टेंबर, इथे राज्यघटना लिहिली गेली. गुप्तता राखायची म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवून माणसं उकाड्यात बसत. वेगवेगळ्या वेळी मिळून ५५ प्रतिनिधी आले, शेवटी ३९ जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडनं कोणालाच पाठवलं नव्हतं.

तोवर देश चालत होता तो १७८१ च्या करारावर. त्या करारात प्रत्येक राज्याला एक मत होतं, केंद्राला कर लावायचा अधिकार नव्हता, आणि कराराची दुरुस्ती करायची तर तेराही राज्यांची संमती लागे. एकट्या ऱ्होड आयलंडनं नकार दिला आणि आयात जकातीचा ठराव बुडाला. सैन्याचे पगार थकले, कर्जं थकली. म्हणून ही परिषद भरली. शाळेत आम्ही शिकवत आलो की मोठी राज्यं विरुद्ध लहान राज्यं असा वाद होता आणि तो कनेक्टिकटच्या तडजोडीनं मिटला: प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये सर्वांना सारख्या. हे खरंच आहे. पण ३० जूनला व्हर्जिनियाचा जेम्स मॅडिसन याच खोलीत उठून म्हणाला होता की राज्यांमधला खरा भेद आकाराचा नाही. थोडा हवामानाचा आहे, आणि मुख्यतः गुलाम असण्या-नसण्याचा आहे. मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक होता. हा प्रवास करताना त्याचं हे म्हणणं मनाशी ठेवा, पुढची प्रत्येक जागा त्यामुळे कळते.

त्या खोलीतच मग सौदे झाले. प्रतिनिधित्व मोजताना गुलामांची संख्या पाचातली तीन धरायची ठरलं. मत त्यांना नाही, पण त्यांच्या जोरावर दक्षिणेच्या जागा वाढल्या आणि अध्यक्ष निवडणाऱ्या मतांतही दक्षिणेचा वाटा वाढला. आफ्रिकेतून माणसं आणण्याचा व्यापार १८०८ पर्यंत काँग्रेसनं, म्हणजे देशाच्या संसदेनं, बंद करायचा नाही असं ठरलं. पळून दुसऱ्या राज्यात गेलेल्या गुलामाला परत द्यायचं ठरलं. साउथ कॅरोलायनाच्या रटलेजनं ऑगस्टमध्ये उघडच सांगितलं की दक्षिणेची राज्यं संघात राहणार की नाही, हाच प्रश्न आहे. कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनलाही हा व्यापार पसंत नव्हता, पण दक्षिणेशी फारकत घेण्यापेक्षा तो चालू देणं बरं असं त्याचं मत पडलं. पेन्सिल्व्हेनियाचा गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं नाव, पद नव्हे) गुलामगिरीवर कडाडून बोलला आणि तरीही अखेरचा मसुदा त्याच्याच हातून उतरला. मी तिथे उभी राहून भाच्याला हे सांगत होते. तो म्हणाला, “मावशी, मग यांनी तेव्हाच तोडून का नाही टाकलं?” प्रश्न रास्त आहे. तेरा तुकडे झाले असते तर ब्रिटन आणि स्पेन दोघंही शेजारी टपून होते, आणि ही भीती उत्तरेलाही होती, दक्षिणेलाही. पण त्या भीतीची किंमत खोलीत नसलेल्या लाखो माणसांनी चुकवली.

सह्या होत असताना वयोवृद्ध बेंजामिन फ्रँकलिन त्या खुर्चीकडे पाहून म्हणाला की हा सूर्य उगवता आहे की मावळता हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आज कळलं, तो उगवता आहे. हे सगळे मार्गदर्शक सांगतात. त्यापुढची हकीकत त्याच्या थडग्यापाशी जाऊन आठवावी. ते आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत आहे आणि कुंपणातून रस्त्यावरूनही दिसतं. मरणाआधी काही आठवडे, फेब्रुवारी १७९० मध्ये, त्यानं गुलामगिरी संपवण्याची मागणी करणाऱ्या अर्जावर पेन्सिल्व्हेनियातल्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून सही करून तो काँग्रेसकडे पाठवला. दक्षिणेच्या सदस्यांनी गदारोळ केला आणि राज्यांतल्या गुलामगिरीत आपल्याला हात घालता येत नाही असं सांगून काँग्रेसनं तो बाजूला सारला.

तिथून चालत क्राइस्ट चर्चमध्ये जा. अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट एपिस्कोपल पंथाची घडण या चर्चमध्ये झाली. आपल्यासाठी या जागेला आणखी एक धागा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच पंथाची गोष्ट सांगितली होती. एका अधिवेशनात सर्व लोकांसाठी एक प्रार्थना घालायची ठरली: ‘हे प्रभो, आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे.’ ती मंजूर झाली, पण दुसऱ्या दिवशी साध्या सभासदांनी हरकत घेतली. एक राष्ट्र असं ठामपणे म्हणणं त्यांना मानवेना. मग ‘या संयुक्त संस्थानांना आशीर्वाद दे’ असा बदल झाला. जातींमध्ये विभागलेल्या आपल्या देशाला राष्ट्र होणं किती अवघड आहे, हे बाबासाहेबांना त्यातून सांगायचं होतं. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकलेल्या माणसानं अमेरिका किती बारकाईनं वाचली होती! चर्चच्या बाकावर बसून मी हे ह्यांना सांगितलं. दोघांनाही बराच वेळ उठावंसं वाटलं नाही.

इंडिपेन्डन्स हॉलला लागूनच काँग्रेस हॉल आहे, तो सोडू नका. १७९० ते १८०० या काळात देशाची संसद इथे भरे, खाली प्रतिनिधिगृह, वर सिनेट. पळालेल्या गुलामाला पकडण्याचा १७९३ चा कायदा याच इमारतीत मंजूर झाला. आणि १७९७ मध्ये वॉशिंग्टननं आपणहून पद सोडून जॉन ॲडम्सला इथेच शपथ घेताना पाहिलं.

सहाव्या रस्त्याच्या आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर अध्यक्षांच्या जुन्या घराची जागा आहे. घर कधीच पाडलं गेलं, पाया काचेखाली दिसतो. वॉशिंग्टननं इथे नऊ गुलाम ठेवले होते. पेन्सिल्व्हेनियानं १७८० मध्येच गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला होता. त्यात बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला की त्याला स्वातंत्र्य मागता येई. म्हणून मुदत भरायच्या आत त्या माणसांना राज्याबाहेर हलवून परत आणलं जाई. एकाच देशाच्या दोन भागांत माणसाचा दर्जा बदलत होता आणि देशाचा अध्यक्ष त्याचा हिशोब ठेवत होता. २१ मे १७९६ ला घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ओना जज नावाची तरुण दासी दारातून बाहेर पडली आणि जहाजानं न्यू हॅम्पशरला गेली. वॉशिंग्टननं तिला परत आणायचा प्रयत्न केला, पण ती आली नाही. १८४८ पर्यंत ती जगली. कायद्यानं फरार, मनानं मोकळी. या फेरीत मला सर्वांत जवळची वाटलेली व्यक्ती तीच. लिबर्टी बेलची रांग याच जागेशेजारी लागते. घंटा पाहायला आरक्षण लागत नाही. तिला हे नाव १८३० च्या दशकात गुलामगिरीविरोधी लोकांनी दिलं, हे रांगेत उभ्या मुलांना जरूर सांगा.

जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट बरं. पण तिथले पेन्सिल्व्हेनिया डच लोकांचे गाळे रविवारी बंद असतात आणि चांगला पाव-बटर तेच देतात.

फिलाडेल्फियाहून थेट महामार्गानं दक्षिणेला न जाता पश्चिमेकडे वळा. सुमारे ३१ मैलांवर एम्ब्रीव्हिलजवळ, स्टारगेझर रोडवर, दगडी गडग्याच्या आत एक बुटका दगड आहे. बहुतेक जण त्याच्यासाठी गाडी थांबवत नाहीत. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोन इंग्रजांनी इथे ताऱ्यांचे वेध घेतले आणि त्यावरून दक्षिणेला पंधरा मैलांवर मोजणीची सुरुवात केली. पेन आणि कॅल्व्हर्ट या दोन जमीनदार घराण्यांचा पेन्सिल्व्हेनिया–मेरीलँड सीमेचा वाद ऐंशी वर्षं धुमसत होता, तो मिटवायला १७६३ ते १७६७ ही मोजणी झाली. दर मैलाला इंग्लंडहून आणलेला दगड, एका बाजूला एम आणि दुसऱ्या बाजूला पी, दर पाचव्या मैलाला दोन्ही घराण्यांची चिन्हं. त्या दोघांना गुलामगिरीशी काही कर्तव्य नव्हतं. पेन्सिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा झाला आणि जमिनीच्या भांडणाची रेषा माणसाच्या स्वातंत्र्याची रेषा होऊन बसली. सीमावाद म्हणजे काय हे बेळगावपासून माहीत असलेल्या आपल्या लोकांना या दगडापाशी वेगळं काही समजवावं लागत नाही. तिथे पार्किंग नाही, रस्ता अरुंद आहे. गाडी पूर्ण कडेला घ्या आणि शेजारच्या खासगी जमिनीत शिरू नका.

पुढे ॲनापोलिस, दोन तासांच्या आसपास. गाव सुंदर आहे, विटांचे रस्ते, खाडी, बोटी. मेरीलँडचं स्टेट हाउस फुकट पाहता येतं, फक्त फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. पासपोर्ट बरोबर ठेवा. युद्ध जिंकलेल्या वॉशिंग्टननं २३ डिसेंबर १७८३ ला इथल्या जुन्या सिनेट सभागृहात सेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या हाती दिला. सभागृहात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. सेनापती सत्ता परत करून घरी जातो, ही गोष्ट त्या काळी जगात विरळाच होती. त्याच मजल्यावर जुन्या प्रतिनिधिगृहात गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे पुतळे २०२० मध्ये आले. दोघंही मेरीलँडमध्येच गुलाम म्हणून जन्मले. दोन्ही खोल्या पाहा, एक पाहून परत फिरू नका.

सप्टेंबर १७८६ मध्ये याच गावात व्यापाराच्या भांडणांवर एक परिषद बोलावली होती. पाच राज्यांचे मिळून बारा प्रतिनिधी आले. यजमान मेरीलँडनंही कोणी पाठवलं नाही! त्या बारांनी पुढच्या मेमध्ये फिलाडेल्फियाला जमायचं आवाहन केलं आणि त्यातून राज्यघटना आली. अपयशी बैठकीतून इतकं निघू शकतं, हे मला फार धीर देणारं वाटलं.

वॉशिंग्टन शहरात गाडी नकोच. बाहेरच्या एखाद्या मेट्रो स्टेशनवर ठेवा आणि आत मेट्रोनं फिरा. हे शहर मुळात इथे का, याचं उत्तरही उत्तर-दक्षिणेतच आहे. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनला राज्यांची युद्धकर्जं केंद्रानं घ्यायला हवी होती. व्हर्जिनियानं आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं, म्हणून दक्षिणेचा विरोध होता. न्यू यॉर्कमध्ये, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या घरी जेवणाच्या टेबलावर हॅमिल्टन आणि मॅडिसन यांचं जमलं: कर्जं केंद्राकडे, राजधानी पोटोमॅक नदीकाठी. दहा मैल बाजूचा चौकोन आखला गेला.

त्या चौकोनाचा पहिला दगड आजही पाहता येतो. शेजारच्या व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहराच्या टोकाला जोन्स पॉइंट पार्कमध्ये, मोठ्या पुलाच्या सावलीत, जुन्या दीपगृहाच्या पायाशी तो आहे. १५ एप्रिल १७९१ ला तो बसवला. मोजणीच्या सुरुवातीच्या कामात बेंजामिन बॅनेकर हा स्वतंत्र कृष्णवर्णीय गणिती होता. त्याच वर्षी त्यानं जेफरसनला पत्र लिहून समतेच्या घोषणेची आठवण करून दिली. पुढे अलेक्झांड्रियाचा भाग व्हर्जिनियानं परत घेतला, १८४६ च्या कायद्यानं. इतर कारणं होती, पण राजधानीत गुलामांचा व्यापार बंद होईल ही तिथल्या व्यापाऱ्यांची धास्तीही त्यात होती. १८५० मध्ये तो बंद झालाच. हे नीट कळायचं असेल तर ड्यूक स्ट्रीटवरचं फ्रीडम हाउस संग्रहालय बघा. फ्रँकलिन (बेंजामिन नव्हे, दुसरा) आणि आर्मफील्ड या गुलामांच्या मोठ्या व्यापाऱ्यांची ती कचेरी होती. इथून हजारो माणसं साखळदंडांत खाली लुइझियाना-मिसिसिपीकडे विकली गेली. इमारत लहान आहे, दिवस आणि वेळा आधी पाहून जा. लहान मुलांना नेण्याआधी विचार करा.

नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मूळ राज्यघटना आहे. प्रवेश फुकट, मुख्य दालनात फोटोला पूर्ण बंदी. कॅपिटॉलची, म्हणजे संसद भवनाची, मार्गदर्शित फेरीही फुकट आहे, परदेशी पाहुण्यांना संकेतस्थळावर सरळ आरक्षण करता येतं. आत पाण्याची भरलेली बाटली चालत नाही, रिकामी न्या आणि आत भरा. नेहमीच्या फेरीत जुनं सिनेट सभागृह असतंच असं नाही. कर्मचाऱ्यांना विचारा, आणि उघडं असेल तर काहीही करून पाहा. १८१० ते १८५९ सिनेट तिथे बसत होती. जानेवारी १८३० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या डॅनिएल वेबस्टरनं इथे सांगितलं की स्वातंत्र्य आणि एकी ही आता आणि कायमची एकच आहेत, अलग होणारी नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जेफरसनच्या जयंतीच्या मेजवानीत अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सननं पेला उंचावून म्हटलं, आपला संघ टिकलाच पाहिजे. साउथ कॅरोलायनाचा असलेला उपाध्यक्ष कॅलहून उठून म्हणाला, संघ प्रिय आहे, पण आपल्या स्वातंत्र्यानंतर. देशातले पहिले दोन माणूस एका टेबलावर, आणि दोघांचा देश वेगळा!

भांडण आयात जकातीचं होतं. उत्तरेच्या कारखान्यांना संरक्षण मिळे आणि कापूस विकून बाहेरचा माल घेणाऱ्या दक्षिणेला महागाई सोसावी लागे. २४ नोव्हेंबर १८३२ ला साउथ कॅरोलायनानं १८२८ आणि १८३२ चे जकात कायदे आपल्यापुरते रद्दबातल ठरवले आणि सक्ती केली तर फुटून निघू असं कळवलं. जॅक्सननं जाहीरनामा काढून हा देशद्रोह ठरेल असं बजावलं. कॅलहूननं उपाध्यक्षपद सोडलं. शेवटी मार्च १८३३ मध्ये सिनेटर हेन्री क्लेनं जकात टप्प्याटप्प्यानं उतरवण्याचा तोडगा काढला आणि त्याच वेळी जकात वसुलीसाठी अध्यक्षाला बळाचा अधिकार देणारा कायदाही झाला. पुन्हा सौदा, पुन्हा काही वर्षं. केंद्राला आव्हान फक्त दक्षिणेनंच दिलं असं मात्र समजू नका. १८१४ च्या हिवाळ्यात ब्रिटनशी चाललेल्या युद्धाला कंटाळलेले न्यू इंग्लंडचे प्रतिनिधी हार्टफर्डमध्ये बंद दाराआड जमले होते. ते जुनं स्टेट हाउस कनेक्टिकटमध्ये आहे, बॉस्टनकडे जाणाऱ्यांनी वाटेत पाहावं.

संघातून राज्याला फुटता येतं का, हा प्रश्न १७८७ च्या घटनेनं मोकळा सोडला होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी यावर बोट ठेवलं. राज्यांना फुटण्याचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकेला यादवी युद्ध लढावं लागलं, आपण ते आधीच स्पष्ट करून ठेवलेलं बरं, असं त्यांनी सांगितलं. बाबासाहेबांची ही दोन्ही भाषणं, १९४८ चं आणि १९४९ चं, मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि प्रवासात वाचा.

माउंट व्हर्नन शहरापासून पंधरा मैलांवर आहे. घराच्या फेरीची वेळ तिकिटाबरोबरच घ्या. वॉशिंग्टननं १७९६ च्या निरोपाच्या पत्रात उत्तरेचा-दक्षिणेचा, पूर्वेचा-पश्चिमेचा असा भेद माजवणाऱ्यांपासून सावध राहायला सांगितलं. १७९९ मध्ये इस्टेटीवर ३१७ गुलाम होते, त्यांतले १२३ त्याच्या मालकीचे. त्यांना मृत्युपत्रातून मुक्त केलं, बाकीच्यांवर त्याचा कायदेशीर हक्क नव्हता. नवरा मोकळा आणि बायको गुलाम अशी कुटुंबं त्यातून झाली. गुलामांच्या स्मारकापर्यंत चालत जा, थडग्यापासून लांब नाही. यादवी युद्धात ही जागा दोन्ही बाजूंनी तटस्थ मानली होती.

ग्रेट फॉल्स हा थांबा मी मुद्दाम सुचवते. व्हर्जिनियाच्या बाजूच्या उद्यानात वॉशिंग्टनच्या पोटोमॅक कंपनीच्या कालव्याचे अवशेष आहेत, बोटी वर-खाली नेण्यासाठी खडक फोडून केलेल्या पाणकुलपांसकट. पश्चिमेचे वसाहतकरी जणू काट्यावर तोललेले आहेत, पिसाच्या स्पर्शानंही कुठेही झुकतील, असं त्यानं १७८४ मध्ये लिहिलं होतं. नदीनं व्यापार जोडला की माणसं जोडली जातील हा त्याचा विचार होता. त्या नदीच्या वाहतुकीवरच मेरीलँड आणि व्हर्जिनिया १७८५ मध्ये माउंट व्हर्ननला बसून बोलले, त्यातून ॲनापोलिस आलं आणि त्यातून फिलाडेल्फिया. पुलावरून येणाऱ्या आपल्याला कळत नाही, पण इथे धबधब्याचा आवाज ऐकला की नदी किती मोठा अडथळा होती ते कळतं. कडेच्या खडकांवर उतरू नका, पाणी फार धोक्याचं आहे.

मॉन्टपेलिअर, मॅडिसनचं घर, राजधानीपासून दोन तासांवर ऑरेंज गावाजवळ आहे. पूर्ण सकाळ राखून ठेवा. वरच्या मजल्यावरच्या वाचनखोलीत त्यानं जुन्या ग्रीक संघांपासून डच प्रांतांपर्यंत सगळे संघ का मोडले याचा अभ्यास करून मग फिलाडेल्फिया गाठलं. त्याच खोलीखाली, तळघरात, गुलामांच्या आयुष्यावरचं प्रदर्शन आहे. विटांवर लहान बोटांचे ठसे आहेत. त्या विटा घडवणाऱ्या मुलांचे. मी त्या ठशांवर बोट ठेवलं नाही, मला ते जमलंच नाही. मॅडिसननं १८३४ मध्ये देशाला शेवटचा सल्ला लिहिला: राज्यांचा हा संघ जपा, टिकवा. आपल्या गुलामांपैकी एकालाही मात्र त्यानं मृत्युपत्रात मुक्त केलं नाही. मरणसमयी त्याच्याजवळ असलेला पॉल जेनिंग्ज इथेच जन्मला होता. १८४७ मध्ये त्याची १२० डॉलर किंमत वेबस्टरनं भरली आणि जेनिंग्जनं ती महिना आठ डॉलरप्रमाणे काम करून फेडली. सिनेटमधलं ते भाषण करणारा हाच वेबस्टर. जेफरसनचं घर, मॉन्टिसेलो, इथून तासाभरावर आहे. मिझूरीच्या तडजोडीनं १८२० मध्ये गुलामगिरी कुठे चालेल आणि कुठे नाही अशी रेघ नकाशावर ओढली तेव्हा रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेनं दचकावं तसा दचकलो, असं जेफरसननं लिहिलं, ते त्याच घरातून. दोन्ही घरं एका दिवसात करू नका.

शेवट हार्पर्स फेरीला करा. पोटोमॅक आणि शेनँडोआ नद्यांचा संगम आहे, जुना शस्त्र कारखाना वॉशिंग्टनच्या काळात इथे उभारायचं ठरलं. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउननं त्यावर छापा घालून गुलामांना शस्त्रं देण्याचा प्रयत्न केला आणि त्याला फाशी झाली. त्या छाप्यानंतर चौदा महिन्यांनी साउथ कॅरोलायना संघातून फुटलं. संगमाच्या टोकावर उभं राहिलं की तीन राज्यं दिसतात. त्यांतलं वेस्ट व्हर्जिनिया १८६३ मध्ये व्हर्जिनियातून वेगळं झालं, कारण डोंगराकडच्या लोकांना संघात राहायचं होतं. म्हणजे फुटणाऱ्या राज्यालाच फूट पडली.

गाडी वरच्या व्हिजिटर सेंटरला लावा आणि उद्यानाच्या बसनं खाली गावात या. खाली पार्किंग जवळजवळ मिळत नाही. एका गाडीचं शुल्क वीस डॉलरच्या आसपास असतं, पावती जपून ठेवा. परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते उतरतानाच विचारा, हिवाळ्यात ती लवकर सुटते. गुडघे धड असतील तर रेल्वेपुलाला लागलेल्या पादचारी पुलावरून मेरीलँडला जाऊन या. ह्यांनी काठी घेऊन तो पूल पार केला, वर दगडी पायऱ्या चढून जेफरसन रॉकलाही आले. पावसाळी दिवशी मात्र त्या पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा खालच्या रस्त्यावरची संग्रहालयं पाहावीत. जॉन ब्राउन ज्या अग्निशमन घरात अडकून राहिला ती छोटी विटांची इमारत तिथेच आहे आणि तिला तिकीट नाही.